स्वागतगीताच्या पुढचं गाणं

'रिसायटल' या शब्दाला तुम्ही मराठीत काय म्हणाल? शब्दकोश न उघडता, मोबाइलला न विचारता सांगा.

मी हा प्रश्न उज्जैनमध्ये आठवडाभर जितक्या लोकांना विचारला, तितकी उत्तरं मिळाली. शाळेतल्या मैत्रिणीला आठवली ती कवितेची स्पर्धा, ज्यात 'चाँद' म्हटलं की हात वर करायचा आणि 'नदी' म्हटलं की हात हलवायचा. शेजारच्या वकीलकाकांनी चष्मा कपाळावर चढवून सांगितलं की करारनाम्याच्या सुरुवातीला कोण, कुठला, कशासाठी करार करतोय हा जो मजकूर असतो, त्याला रिसायटल म्हणतात. तो वकिलाशिवाय कुणी वाचत नाही आणि वकीलही वाचल्यासारखं करतात, असं ते म्हणाले. रामघाटावर आईबरोबर गेले होते तेव्हा तिथल्या गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, त्याला आवर्तन म्हणतात, किती करायची ते सांगा. आणि फ्रीगंजमधल्या प्रेसवाल्यांनी माझा कागद हातात धरून विचारलं, "मतलब पाठ? अखंड वाला? फिर नीचे प्रसादी का टाइम भी डलवा दो, मैडम. लोग वही पूछते हैं."

आईचं उत्तर मला सगळ्यात आवडलं. ती म्हणाली, म्हणणं. हिंदीत गाणं गातात, पहाडे सुनवतात, कविता पढतात. आपण गाणं म्हणतो, पाढे म्हणतो, श्लोक म्हणतो, आरती म्हणतो. एकच क्रियापद, सगळीकडे चालतं. मी खूश होऊन वही उघडली, तर तिनेच पुढे सांगितलं की कार्डावर 'बाईंचं म्हणणं' असं छापलंस तर लोकांना वाटेल बाईंची काहीतरी तक्रार आहे.

गाण्याच्या कार्यक्रमाचं कार्ड छापायचं होतं, म्हणून हा सगळा उद्योग. आणि ते माझ्याकडे आलं याचं कारण आमचं घर. बाबा बँकेत होते, आणि बँकेपेक्षा जास्त युनियनमध्ये. नोकरीपायी जळगावहून उज्जैनला आले, बदलीची वाट बघत राहिले आणि वाट बघता बघता इथलेच झाले. आमच्या घरी पुस्तकं एका कपाटात होती आणि पर्चे सगळीकडे. मराठीत पत्रक म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, घरात पर्चाच. पलंगाखाली गठ्ठे, फ्रिजवर गठ्ठे, पापडाच्या डब्याला आतून लावलेला पर्चा. मी अक्षरं जुळवायला शिकले ती त्यांच्यावरून. चौथीत ताप आला तेव्हा रजेचा अर्ज मी स्वतः लिहिला होता आणि त्यात 'हमारी यह न्यायोचित माँग' असे शब्द होते. मॅडमनी तो वर्गात वाचून दाखवला, सगळे हसले आणि रजा मात्र मिळाली. तेव्हापासून माझी खात्री झाली की नीट लिहिलेल्या पर्च्याने जगातलं कुठलंही काम होतं. ही खात्री पुढे बरीच वर्षं टिकली.

आता बाई. गाण्याच्या बाई. फ्रीगंजात, टावर चौकापासून पाच मिनिटांवर त्यांचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत रोज संध्याकाळी क्लास. आमच्या पिढीतल्या बहुतेक मराठी मुली त्या खोलीतून जाऊन आल्या आहेत. मी तीन वर्षं गेले. तीन वर्षांत मला 'सा' कुठे असतो हे कळलं. तो लागला मात्र नाही. बाई चिडायच्या नाहीत. पेटीवर बोट ठेवून म्हणायच्या, "अगं, मी तुला सा दिला उज्जैनचा. तू उतरलीस देवासला." आणि पुन्हा तोच सूर द्यायच्या.

आमच्या मराठी मंडळाचं एक सभागृह आहे. गणेशोत्सव, वार्षिक सभा, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, मकरसंक्रांत, सगळं तिथेच. आणि तिथला प्रत्येक कार्यक्रम बाईंच्या स्वागतगीताने सुरू होतो. होत असे. तीसेक वर्षं तरी. प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकाशी दिसली की खालून सचिवकाका हात वर करायचे, बाई माइकसमोर उभ्या राहायच्या, आणि त्या गात असताना पाहुणे चपला काढायचे, मंचावर चढायचे, समई लावायचे. समई लागली की गाणं संपायचं. म्हणजे गाणं किती लांब हे बाईंच्या हातात नव्हतं, समईच्या हातात होतं. आणि त्या सभागृहातले पंखे असे की काडी पेटली की विझलीच. पंखा बंद करायचं बटण सभागृहाच्या पार दुसऱ्या टोकाला. कुणीतरी धावत जायचं, चुकीचं बटण दाबायचं, मंचावरचे दिवे जायचे, पुन्हा दिवे यायचे. तोवर बाई शेवटची ओळ घोळवत राहायच्या. सचिवकाकांनी बोट गोल फिरवलं की लांबवायचं, तळहात खाली केला की संपवायचं.

आणि हे सगळं चालू असताना सभागृहात कुणीही ऐकत नसे. मीही नाही. स्वागतगीत म्हणजे खुर्ची धरण्याची वेळ. मागच्या रांगेतून काकू हाक मारायची, इकडे ये, जागा धरलीय. काका लोक चहाची चौकशी करायचे. फोन बंद करण्याआधी शेवटचा फोन व्हायचा. गाणं संपलं की माणसं गप्प व्हायची, कारण आता भाषणं सुरू होणार.

बाईंना तबल्याची साथ करायचे ते चाचा. रेल्वेतून निवृत्त झालेले, तोंडात सुपारी, मराठी समजायची पण बोलायचे हिंदी. त्यांनी एकदा मला सांगितलं होतं की कुठल्याशा सत्काराच्या वेळी पाहुण्यांच्या चपलेचा पट्टा तुटला आणि बाईंनी शेवटची ओळ नऊ वेळा म्हटली. "नौ बार, बिटिया. और नौ की नौ अलग." त्यांच्याशिवाय हे कुणी मोजलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी मी बाईंकडे आईचा डबा परत आणायला गेले होते. क्लास चालू होता. मला बस म्हणाल्या. खोलीतली चित्रं भिंतीवरून उतरवलेली दिसली, म्हणून विचारलं. तर मुलगा बेंगळुरूला बोलावतोय, दिवाळीनंतर जाणार, घर विकायचं ठरलंय, असं त्यांनी पेटीचा भाता हलवता हलवता सांगितलं. मी म्हणाले, मंडळात तुमचा निरोप समारंभ करतील. त्या हसल्या. म्हणाल्या, करतील, आणि त्याचं स्वागतगीतही मलाच म्हणावं लागेल.

मग थोडा वेळ नुसता तंबोरा वाजत होता. म्हणजे तंबोऱ्याची ती छोटी विजेची पेटी. बाई म्हणाल्या, "त्या हॉलात मी एवढं गायले, पण उभ्यानेच. एकदा बसून गायचं होतं गं. एक विलंबित, सावकाश. समईकडे न बघता."

विलंबित म्हणजे संथ लयीतलं मोठं गाणं. त्यात तालाचं एक चक्र पुरं व्हायलाच मिनिटभर लागतं, आणि एक राग मांडायला तास जातो. स्वागतगीत तीन मिनिटांचं. हिशोब उघड होता. समोर बसलेल्या मुलीला त्यांनी लगेच सरगम म्हणायला लावलं आणि विषय संपवला. माझ्यासाठी तो तिथे सुरू झाला. दिवाळीला सहा आठवडे होते.

मी सचिवकाकांकडे गेले. माणूस अतिशय भला. बाईंबद्दल त्यांना आदर इतका की त्यांचं नाव निघालं की ते पाय खाली घेऊन बसतात. पण बाईंचा स्वतंत्र कार्यक्रम म्हटल्यावर त्यांना कळेचना मी काय मागतेय. म्हणाले, अगं, बाई तर आपल्या घरच्याच. हेच तर, मी म्हणाले. इंदूरहून गायक येतात, पुण्याहून येतात, त्यांच्यासाठी लोडतक्के निघतात, आणि घरच्या बाईंनी उभ्याने म्हणायचं. त्यांनी विचार करून वार्षिक सभेआधी पंधरा मिनिटं देऊ केली. मग हळदीकुंकवानंतर अर्धा तास. मी हलले नाही. शेवटी एका रविवारी सहा ते साडेसात सभागृह रिकामं निघालं, कारण त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती आणि कुणीच काही ठेवलं नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, "प्रमुख पाहुणे कोण?"

"कुणी नाही."

"असं कसं? मग समई कोण लावणार?"

"बाई लावतील."

"बाई तर गात असतील."

मी त्यांना सांगितलं की नाही, बाई आधी समई लावतील आणि मग गातील. कार्यक्रम देण्यापेक्षा हे त्यांना जड गेलं असावं.

कार्डाचं काम माझ्याकडे आलं ते असं. आणि शब्दाचा घोळ तिथूनच सुरू झाला. बाईंच्या मुलाने फोनवर सांगितलं, 'सोलो रिसायटल' लिहा, इकडे तसंच लिहितात. मराठी मंडळाच्या कार्डावर इंग्रजी शब्द छापायला माझा तत्त्वतः विरोध होता. 'मैफल' लिहू म्हटलं, तर बाईच म्हणाल्या, मैफलीला अत्तर लागतं, आपल्याकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत. 'गायनाचा कार्यक्रम' म्हटलं तर लोक फर्माइशी घेऊन येतील. 'बैठक' हा खरा शब्द, पण सचिवकाका म्हणाले की बैठक वाचलं की सदस्य विषयपत्रिका मागतात.

मी वैतागले आणि शब्द शोधायचं सोडून दिलं. एका सकाळी बसले आणि कार्डाऐवजी पर्चा लिहिला. एका बैठकीत, न खोडता, अर्ध्या तासात. हात असा चालला की विचारू नका. 'मंडळाच्या सुजाण सभासदांनो' अशी सुरुवात. पाहुण्यांच्या चपलांना जेवढा वेळ मिळतो तेवढा या शहरात कलेला मिळत नाही, हे एक वाक्य. तीन दशकांची सांगीतिक वेठबिगारी, हे दुसरं. समईच्या काडीला बांधलेला आवाज, हे तिसरं आणि माझ्या मते सर्वोत्तम. शेवटी एक मागणी, एक आवाहन आणि तारीख. प्रेसवाल्यांनी वाचून मान डोलावली. मराठी त्यांना अर्धीच कळते, पण म्हणाले, "दम है." दोनशे प्रती निघाल्या. गठ्ठा घेऊन मी सरळ बाईंकडे गेले. पहिली प्रत त्यांना द्यायची होती.

त्यांनी चष्मा लावून वाचला. सावकाश, त्या सगळंच सावकाश वाचतात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते, कौतुकाची वाट बघत. त्यांनी कागदाची घडी घातली, उघडली, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे वेठबिगारी कुणी लिहिलं?"

मी म्हटलं, मी.

"मला विचारलंस?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "स्वागतगीत मला आवडतं. कुणी ऐकत नाही म्हणून ते वाईट होत नाही. मला गायचंय, बाळा. भांडायचं असतं तर मी तीस वर्षांपूर्वी भांडले असते, तुझ्यापेक्षा बरं."

मग त्यांनी सांगितलं की हा कागद लोकांच्या हातात पडला तर त्या रविवारी त्या येणार नाहीत. कारण लोक गाणं ऐकायला येणार नाहीत, बाई रडतात का ते बघायला येतील. सचिवकाका खाली मान घालून बसतील, आणि खाली मान घातलेल्या माणसासमोर त्यांना यमन गाता येत नाही. चहा दिला, डबाही दिला, पण गठ्ठ्याकडे पाहिलं नाही.

घरी येऊन मी तो गठ्ठा जोरात पलंगाखाली ढकलला. बाबांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की मी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. त्यांनी एक प्रत मागून घेतली. वाचली. भाषा चांगली आहे म्हणाले. मग म्हणाले, "आम्ही पर्चा छापण्याआधी गेटवर मोठ्याने वाचून दाखवायचो. ज्यांचं दुखणं आहे त्यांना. ते मान हलवतील तेवढंच छापायचं. निम्मा कापला जायचा."

हे मला त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. माझ्यापर्यंत पोचले ते सगळे छापलेले, कापून झालेले पर्चे. मी म्हणाले, आधी सांगायचं होतं. ते म्हणाले, तू कधी गेटवर आली नाहीस.

दुसऱ्या दिवशी कोरा कागद घेऊन मी बाईंकडे परत गेले. त्या क्लासच्या मुलींच्या वह्या तपासत होत्या. मी विचारलं, काय लिहू, तुम्हीच सांगा. त्या म्हणाल्या, "रविवारी सहाला गायला बसणार आहे, या, असं लिही." मी तेच लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनी 'या'च्या आधी 'वेळ असेल तर' घालायला सांगितलं. मी ते घालायला नकार दिला. एवढं एक भांडण मी जिंकले. कार्ड छापलं ते एका ओळीचं. प्रेसवाल्यांना ते फारच कोरडं वाटलं, म्हणून त्यांनी आपल्या मनाने कोपऱ्यात एक मोर टाकला.

रविवारी मी चार वाजताच सभागृहात गेले. मंचाच्या मधोमध गादी घातली, तिच्यावर पांढरी चादर, एका बाजूला तबला, एका बाजूला पेटी. पेटीवर बाईंची जुनी विद्यार्थिनी बसणार होती. ती आता दातांची डॉक्टर आहे आणि दवाखाना बंद ठेवून आली होती. सहा वाजेपर्यंत माणसं येतील की नाही हे कुणाला सांगता येत नव्हतं. मॅच चालू होती. पण आली. आमच्या वयाच्या मुली आल्या, कडेवर मुलं घेऊन, बँकेतले निवृत्त काका आले, वकीलकाका आले, प्रेसवाले आपल्या बायकोला घेऊन आले आणि तिला कार्डावरचा मोर दाखवत बसले. सचिवकाका इस्त्रीच्या कुर्त्यात होते. हातात शाल आणि नारळ. पाहुणे नसले तरी शाल-नारळ आणलाच होता, शेवटी बाईंना द्यायला.

बाई आल्या, समई लावली. पंखे आधीच बंद केले होते, एका काडीत लागली. आणि मग त्या गादीवर न बसता माइककडे गेल्या. आधी स्वागतगीत म्हणते, मला म्हणाल्या. त्याच्याशिवाय या जागी तोंड उघडत नाही. उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या. तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांत सभागृहात जे नेहमी होतं ते झालं. जागा धरल्या गेल्या. चहाची चौकशी झाली. कुणाच्या तरी मोबाइलवर विकेट पडली.

गाणं संपलं, आणि मी आजवर पाहिलेली सगळ्यात विचित्र गोष्ट घडली. सगळं सभागृह गप्प झालं, सवयीने, भाषण ऐकायला. सचिवकाका उठले, सवयीने, शाल-नारळासकट मंचावर चढले आणि माइक धरून म्हणाले, "आज आपल्याला लाभलेले सन्माननीय प्रमुख पाहुणे..." आणि थांबले. खिशात कागद शोधू लागले. कागद नव्हता, कारण पाहुणेच नव्हते. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीकडे चालली होती. बाईंनी वही मिटली होती, निऱ्या सावरल्या होत्या आणि त्या मंचाच्या कडेला, जिथे मी उभी होते त्या दाराकडे, चालत येत होत्या. गादीच्या शेजारून. चादरीला पाय लागू नये म्हणून जरा वळसा घेऊन.

त्यांना आठवतच नव्हतं. तीस वर्षं गाणं संपलं की त्या या दाराने आत जात आल्या होत्या, तशाच आल्या. माझ्या तोंडात दहा वाक्यं तयार होती. एकही बाहेर पडेना, कारण त्यातलं कुठलंही मोठ्याने म्हटलं असतं तर बाईंचा अपमानच झाला असता.

तेवढ्यात तबला ऐकू आला. गाणाऱ्याने सुरुवात केल्याशिवाय तबलजीने ठेका धरायचा नसतो, हे तीन वर्षांत मलाही कळलं होतं. चाचांनी धरला. विलंबित एकताल. एक बोल, मग लांबलचक शांतता, मग दुसरा बोल. मान खाली, जसं काही घडलंच नाही.

मग मान वर न करता ते म्हणाले, "कहाँ चलीं, बाईजी? अभी तो बैठना बाकी है."

बाई थबकल्या. गादीकडे पाहिलं, हातातल्या वहीकडे पाहिलं, आणि हसायला लागल्या. आधी पदर तोंडाशी धरून, मग उघडच. सभागृहही हसलं. सचिवकाकांचे कान लाल झाले होते, तेही हसले. बाई मागे वळल्या, वही माझ्याकडे दिली, आणि बसल्या. मांडी घालून, साडी पसरून, प्रवासाला निघालेला माणूस रेल्वेत आपली जागा मिळाल्यावर बसतो तसं.

सचिवकाकांना आता मंचावरून उतरायचं होतं, पण उतरायचं तर बाईंच्या समोरून जावं लागलं असतं. ते तिथेच मंचाच्या कडेला बसले, नारळ मांडीवर घेऊन, आणि शेवटपर्यंत तसेच बसून राहिले.

बाईंनी यमन गायला. मी संगीतातली जाणकार नाही, त्यामुळे तो कसा होता हे मला सांगता येणार नाही. मी कडेच्या दाराने उतरून आईशेजारी जाऊन बसले होते, तिथून दिसलं तेवढं सांगते. पहिली दहा मिनिटं त्या फारसं काही करत नव्हत्या. एकाच सुराशी येत होत्या, थांबत होत्या, परत जात होत्या. मागच्या रांगेतलं एक कुटुंब उठून गेलं. एका काकांनी सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे बोट केलं. बाईंचे डोळे मिटलेले होते. वरच्या सुराला आवाज एकदा फाटला, वय झालंय. त्या तिथे थांबल्या, खाकरल्या, आणि पुन्हा त्याच सुराकडे गेल्या, पण यावेळी लांबून, हळूहळू, वाट बदलून. तेव्हा माझ्या शेजारी बसलेल्या आईने माझा हात धरला. ती गाण्यातली नाही. तिने फोन पर्समध्ये टाकलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

सव्वासातला संपलं असेल. साडेसातही असेल. टाळ्या लगेच वाजल्या नाहीत. लोकांना कळायला वेळ लागला की आता काहीतरी करायचं असतं. सचिवकाका उठले, गुडघे आखडले होते, शाल घालताना त्यांच्या तोंडून एकही सन्माननीय शब्द निघाला नाही. नुसतं "बाई" म्हणाले. चाचा हातोडी पिशवीत घालत होते, त्यांना मी विचारलं, ठेका तुम्ही आधी कसा धरला, चूक ना ती? सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात गेली. म्हणाले, "गलती तो है." आणि तबल्याला खोळ घातली.

बाई दिवाळीनंतर गेल्या. स्टेशनवर आम्ही बऱ्याच जणी होतो. गाडी सुटेपर्यंत त्या क्लासच्या मुलींना सांगत होत्या की रोज सकाळी खर्ज लावायचा, कंटाळा करायचा नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तू लावू नकोस, शेजारी तक्रार करतील. मग खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवला.

पलंगाखालचा गठ्ठा आईने संक्रांतीला रद्दीत दिला. मी पर्चे लिहायचं सोडलेलं नाही, लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त आता छापायला जायच्या आधी मी चालत जाते, ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांच्या दारात उभी राहते आणि मोठ्याने वाचते. बऱ्याचदा निम्मा कापला जातो.

मंडळात आता स्वागतगीत बाईंची एक विद्यार्थिनी म्हणते, अकरावीतली. चांगली म्हणते. सचिवकाकांनी पंख्याचं बटण मंचाजवळ आणून घेतलंय. परवा गणतंत्र दिवसाच्या कार्यक्रमात मी पाहिलं, लोक बोलतच होते, पण चार-पाच जण गप्प होते.

तुमच्या गावातही, तुमच्या सोसायटीत, शाळेत, ऑफिसात, असं उभ्याने सुरुवात करून देणारं कुणीतरी असेलच. त्यांच्यावर अन्याय झालाय असं त्यांना सांगू नका, ते त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असेल किंवा तसं वाटतही नसेल. या आठवड्यात त्यांच्या घरी जा. विचारा, तुम्हाला बसून काय गायचंय. जे सांगतील ते मध्ये न बोलता ऐका, मग एक तास ठरवा, एक गादी घाला, आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीत स्वतः जाऊन बसा.